जोड्या लावा

प्रश्नपत्रिका काढायची म्हटलं की माझा एक प्रश्न ठरलेला असायचा, 'योग्य जोड्या लावा'. डावीकडे 'अ' गट, उजवीकडे 'ब' गट आणि मधे मुलांनी रेघा ओढायच्या. मुलांना तो आवडायचा, कारण लिहायचं काही नाही. मलाही आवडायचा, कारण तपासायला सोपा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशा किती रेघा तपासल्या याची गणती नाही. रेघ बरोबर की चूक एवढंच बघायचं. रेघ म्हणजे नेमकं काय, दोन टोकांच्या मधे खरंच काही असतं का, हा प्रश्न पडायचं तेव्हा कारण नव्हतं. तो पडला आता, पंचाहत्तरीत. आणि तोही रसायनशास्त्रामुळे!

मंडळी, दचकू नका. माझा आणि रसायनशास्त्राचा संबंध जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचा. पुढे मराठी घेऊन बी.ए. झाले आणि आयुष्यभर मराठी शिकवलं. पण माझी नात रसायनशास्त्रात संशोधन करते. यंदा दिवाळीनंतर ती महिनाभर माझ्याकडे येऊन राहिली होती. दिवसभर माझ्या जुन्या टेबलावर बसून तिचं लिखाण चालायचं. कागदावर ठिपके, ठिपक्यांतून निघालेल्या काड्या, आणि दोन मोठ्या ठिपक्यांच्या मधे एक रेघ. मी सहज विचारलं, "ही मधली रेघ कसली ग?" तर ती पेन ठेवून म्हणाली, "आजी, हाच तर प्रश्न आहे. या एका रेघेवर लोक वर्षानुवर्षं भांडलेत."

रेघेवरून भांडण? शेताच्या बांधाचं ऐकलं होतं, हे नवीनच. मग रोज संध्याकाळी चहाच्या वेळी आमचा वर्ग भरायला लागला. फक्त शिकवणारी ती आणि बाकावर मी.

तिचा विषय असा. धातूचा अणू थेट कार्बनला जोडलेला असतो अशी संयुगं. त्यातलं एक जुनं कुटुंब म्हणजे धातू आणि कार्बन मोनॉक्साइड यांची संयुगं. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की माणसाचा जीव घेतो तो वायू. लुडविग माँड नावाचे उद्योजक शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये होते. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १८९० साली दिसलं की हा वायू निकेलवरून नेला तर ते घट्ट धातूचं निकेल चक्क वाफ होऊन उडून जातं. निकेलच्या एका अणूभोवती चार कार्बन मोनॉक्साइड जमतात आणि त्याला उचलून नेतात. पुढे ही वाफ तापवली की निकेल पुन्हा खाली बसतं, तेही अगदी शुद्ध. यावर वेल्समधल्या क्लायडॅकला १९०२ साली कारखानाही सुरू झाला.

आता चारच का? पाच का नाहीत? इथे माझ्यासारखीला सुद्धा कळेल असं गणित आहे. १९२० च्या दशकात सिजविक वगैरे मंडळींनी ते मांडलं. अशा संयुगातल्या धातूच्या अणूला आपल्याभोवती १८ इलेक्ट्रॉन झाले की समाधान असतं. निकेलकडे स्वतःचे १० असतात. प्रत्येक कार्बन मोनॉक्साइड येताना २ घेऊन येतो. दहा अधिक चार दुणे आठ, झाले अठरा. लोखंडाकडे ८, म्हणून त्याला पाच लागतात. क्रोमियमकडे ६, त्याला सहा. हिशेब चोख. मुलांना पाढे शिकवताना द्यावं असं उदाहरण!

पण तुमच्या लक्षात आलं का, हे सगळे सम संख्यावाले. जे विषम आहेत त्यांचं काय? मँगनीजकडे ७ असतात. पाच कार्बन मोनॉक्साइड आले की झाले १७. आणखी एक घ्यावा तर १९, तेही चालत नाही. कोबाल्टकडे ९, चार आले की १७. दोन-दोनच्या टप्प्याने चढणाऱ्याला अठरावी पायरी सापडतच नाही. सहलीला जाताना मुलांची दोन-दोनची रांग करावी आणि शेवटी एकजण उरावा तसं. मग हे करतात काय? दुसऱ्या वर्गातही असाच एक उरलेला असतो, त्याचा हात धरतात. सतरावाला मँगनीज दुसऱ्या सतराव्या मँगनीजशी जोडी करतो. दोघे आपला एकेक इलेक्ट्रॉन मधे ठेवतात, आणि ते दोन दोघांच्याही खात्यात मोजले जातात. दोघांचेही अठरा पुरे. अशा जोडीला म्हणायचं डायमर. नातीच्या कागदावरची रेघ ती हीच.

मँगनीजची ही जोडी पिवळ्या स्फटिकांच्या रूपात मिळते. १९५७ साली डाल, इशिशी आणि रंडल यांनी क्ष-किरणांनी तिची आतली मांडणी शोधली. प्रत्येक मँगनीजभोवती त्याचे स्वतःचे पाच कार्बन मोनॉक्साइड, आणि सहाव्या बाजूला दुसरा मँगनीज. दोघांच्या मधे दुसरं कोणीही नाही. ना पूल, ना मध्यस्थ. अंतर सुमारे २.९ आंगस्ट्रॉम. (एका सेंटिमीटरमध्ये १० कोटी आंगस्ट्रॉम मावतात, म्हणजे अंतराची कल्पना करा.) तिसरं कोणी धरून ठेवायला नसताना हे दोघे एकत्र आहेत, त्या अर्थी त्यांनी एकमेकांनाच धरलेलं आहे. इथे रेघ काढायला कुणाची हरकत नाही.

मी विचारलं, "पण धातूने धातूला धरलंय हे कळतं कसं? दिसतं का?" त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मला फार बरं वाटलं, कारण त्यात आपली माणसं निघाली. पाऱ्याच्या काही क्षारांमध्ये पारा एकेकटा नसतो, जोडीने असतो. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १८९६ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मर्क्युरस नायट्राइट तयार केलं, तेही याच कुळातलं. यात कार्बन नाही, त्यामुळे ते नातीच्या विषयात बसत नाही, पण धातूची धातूशी जोडी मात्र अस्सल. ही जोडी द्रावणातसुद्धा टिकते याचा पुरावा १९३४ साली वुडवर्ड यांनी दिला, आणि तो कशाने? तर रामन परिणामाने! १९२८ साली रामन यांनी दाखवलं होतं की प्रकाश पदार्थातून विखुरला की रेणूंच्या थरथरण्याची खूण घेऊन येतो. पाऱ्याच्या दोन अणूंमधला बंध ताणला-आवळला जातो, त्याची स्वतंत्र रेघ वर्णपटात उमटली. दरवर्षी २८ फेब्रुवारीला मी मुलांकडून विज्ञान दिनाची भाषणं पाठ करून घेत असे. त्या भाषणांत समुद्राचा निळा रंग हमखास असायचा, ही पाऱ्याची रेघ कुणी सांगितली नव्हती.

इथवर सगळं सरळ होतं. भांडण पुढे आहे, लोखंडापाशी.

लोखंड तर सम संख्यावालं. पाच कार्बन मोनॉक्साइड घेऊन ते सुखात असतं. पण त्याच्यावर ऊन पडलं की एखादा कार्बन मोनॉक्साइड सुटून जातो, आणि मग दोन लोखंडं मिळून नऊ कार्बन मोनॉक्साइडांवर संसार थाटतात. पाच अधिक पाच उणे एक. सोनेरी पत्रीसारखे स्फटिक होतात म्हणे. १९३९ साली पॉवेल आणि इवेन्स यांनी त्याची मांडणी दाखवली. दोन्ही लोखंडांकडे तीन-तीन कार्बन मोनॉक्साइड स्वतःचे, आणि उरलेले तीन दोघांच्या मधे, दोघांनाही जोडलेले. म्हणजे पूल. आता हिशेब करा. लोखंडाचे ८, स्वतःच्या तिघांचे ६, पुलावरच्या तिघांकडून प्रत्येकी १ प्रमाणे ३. बेरीज १७. एक कमी पडतो. तेव्हा नियम पाळायचा तर दोन लोखंडांच्या मधे रेघ असलीच पाहिजे. म्हणून सगळ्या पुस्तकांत ती रेघ काढली गेली.

पुढे संगणक आले, बारीक गणितं करता येऊ लागली. तेव्हा लोकांनी त्या रेघेच्या जागी प्रत्यक्ष काय आहे हे शोधून पाहिलं. तिथे दोघांना धरून ठेवणारं असं थेट काही सापडेना! धरून ठेवणारं जे काही होतं ते सगळं पुलांमधून जात होतं. २०१२ साली जेनिफर ग्रीन, माल्कम ग्रीन आणि जेरार्ड पार्किन यांनी लिहिलं की पुलावरची इलेक्ट्रॉनची जोडी तिघांत वाटलेली धरून हिशेब मांडला तर रेघ न काढताच दोघांचे अठरा भरतात. रेघ ही गरज होती ती आपल्या बेरजेची. लोखंडांना तिची गरज नव्हती. तरीही कित्येक पुस्तकांत ती रेघ अजून आहे.

आणि गंमत पुढेच आहे. या लोखंडांमधलं अंतर आहे सुमारे २.५ आंगस्ट्रॉम. म्हणजे ज्यांच्यात थेट बंध आहे त्या मँगनीजांपेक्षा ज्यांच्यात थेट बंध नाही ती लोखंडं एकमेकांच्या जास्त जवळ! नात हे सहज सांगून चहाचे कप विसळायला गेली. मी मात्र तिथेच बसून राहिले.

का ते सांगते.

२०२२ साली हे गेले. लग्नाला पन्नास वर्षं झाली होती. दहाव्याला एक नात्यातल्या बाई गळ्यात पडून म्हणाल्या, "जोडी फुटली हो." अशा वेळी सगळे म्हणतात तसंच. पण ते वाक्य माझ्या मनात राहून गेलं. रात्री झोप यायची नाही तेव्हा मी विचार करायची, आमची जोडी होती म्हणजे काय होतं? आमच्या दोघांच्या मधे आमचं असं काय होतं?

तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. लग्नाआधी एकदा पाहिलं, कांदेपोहे झाले, आठवड्याने होकार आला. घरात सासूबाई. त्यांच्यासमोर नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती. एकाच स्वयंपाकघरात आम्ही तिघं असायचो आणि मी म्हणायची, "आई, चहा झालाय म्हणावं." हे म्हणायचे, "आई, उद्या मला पहाटे निघायचंय, डबा लागेल." हे पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, आवर्तन सुटलं की दिवस-रात्र कालव्यावर. सासूबाई दोन्हीकडचे निरोप दोन्हीकडे पोचवायच्या, कधी थोडं मीठमसाला लावून, कधी थोडं गाळून. तसं आमचं बरं चाललं. पुढे मुलगा झाला, मुलगी झाली. मग बोलणं मुलांवरून. "बाबांना सांग फी भरायची आहे." "आईला विचार शाळेतून कधी येणार." रागही मुलांवरूनच निघायचा आणि कौतुकही. म्हणजे मोजून तीन पूल. लोखंडाला असतात तितकेच.

मी तक्रार करत नाही. त्या काळी बहुतेक घरांत असंच होतं आणि आम्ही एकमेकांपासून लांब होतो असंही नाही. यांना ताप आला की माझ्या तोंडाची चव जायची. माझ्या शाळेत इन्स्पेक्शन असलं की हे न सांगता लवकर घरी येऊन मुलांना जेवायला वाढायचे. जवळीक होतीच. पण ती थेट आमची होती, की सासूबाईंमधून आणि मुलांमधून आलेली होती? पूल नसते तर आम्ही एकमेकांना धरलं असतं का?

लोखंडाच्या जोडीचं उत्तर कडू आहे. टेट्राहायड्रोफ्युरान नावाच्या द्रावकात ते स्फटिक घातले की जोडी मोडते. एक लोखंड पाच कार्बन मोनॉक्साइड घेऊन आपल्या वाटेने जातं. दुसऱ्याकडे चार उरतात, आणि पाचव्या रिकाम्या जागेवर द्रावकाचा रेणू येऊन बसतो. पूल मोडले, संसार मोडला.

दुसऱ्या दिवशी मी नातीला म्हटलं, "अशी एखादी जोडी आहे का, की जिचे पूल काढले तरी ती राहते?" तिला माझ्या मनातलं ठाऊक नव्हतं. ती लगेच म्हणाली, "आहे की, कोबाल्ट."

कोबाल्टचं मघाशी सांगितलं, ९ अधिक ८, सतरा. तोही जोडी करतो. ही जोडी माँड यांच्याच प्रयोगशाळेने १९१० साली मिळवली होती, आणि तिची मांडणी कळली १९६४ साली. स्फटिकात असताना आठांपैकी दोन कार्बन मोनॉक्साइड पुलासारखे मधे असतात आणि दोन्ही कोबाल्ट त्यांच्यावर भार टाकून असतात. १९८३ साली क्ष-किरणांनी अतिशय काटेकोर मोजणी झाली तेव्हा इथेही दोन अणूंच्या बरोबर मधे, थेट बंधासाठी जसा इलेक्ट्रॉनांचा साठा दिसायला हवा, तसा दिसला नाही. पण हेच स्फटिक द्रावणात विरघळवले की काही जोड्यांमधले पूल बाजूला होतात. मधले दोघे एकेकाच्या घरी जातात, एक याच्याकडे, एक त्याच्याकडे. आणि तरीही जोडी मोडत नाही. आता दोघांच्या मधे कुणी नाही, आता ते एकमेकांनाच धरून असतात, मँगनीजसारखे. थोड्या वेळाने पूल परत येतात, परत जातात. एकाच बाटलीत दोन्ही प्रकारच्या जोड्या नांदतात आणि सारख्या एकमेकींत बदलत असतात.

हे ऐकलं आणि मला १९९६ ते २००२ ही वर्षं आठवली. ९६ ला मुलगा नोकरीसाठी गेला. ९९ ला सासूबाई गेल्या. २००२ ला मुलीचं लग्न झालं आणि घरात आम्ही दोघंच उरलो. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा. निरोप द्यायला कोणी नव्हतं. जेवताना काय बोलायचं हे दोघांनाही सुचत नसे.

मग एका संध्याकाळी हे कालव्यावरून आले, ओट्यावर बसून पायावर पाणी घेतलं आणि मला म्हणाले, "आज गेज साडेतीनवर आलाय." गेज म्हणजे कालव्यात पाणी किती आहे ते दाखवणारी खुणांची पट्टी. तीस वर्षांत यांनी मला कधी गेज सांगितला नव्हता. मला त्यातलं काय कळणार? मी म्हटलं, "बरं मग?" म्हणाले, "बरं म्हणजे, खालच्या चारीला पाणी पोचेल." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेज. मग मी वर्गातलं सांगायला लागले, कुणी काय निबंध लिहिला, कोण परीक्षेला आलाच नाही. पुढे भारनियमनाची वर्षं आली. रोज संध्याकाळी दिवे जायचे आणि आम्ही ओट्यावर अंधारात बसायचो. मुलांचा विषय निघायचाही, नाही असं नाही, पण त्याच्याशिवायही बोलणं व्हायचं. हे निवृत्त झाले तरी संध्याकाळी कालव्याकडे चक्कर मारून यायचे आणि मला गेज सांगायचे. खात्याला आता त्यांच्या आकड्याची गरज नव्हती. तो आकडा फक्त माझ्यासाठी आणलेला असायचा.

तेव्हा मंडळी, माझं उत्तर मला मिळालं. आम्ही कोबाल्ट होतो. पूल असताना पुलांवर उभे होतो, पूल गेल्यावर एकमेकांवर. आणि एक आणखी. पूल असतानाची जोडी खोटी आणि नंतरची खरी, असं मी म्हणणार नाही. लोखंडांचंच बघा, अडीच आंगस्ट्रॉमवर असतात ती. इतक्या जवळ आणणाऱ्या पुलांना कमी कसं लेखायचं? सासूबाईंनी निरोप गाळून पोचवले नसते तर पहिल्या पाच वर्षांतच आमचं काय झालं असतं कोण जाणे.

हे सगळं मी नातीला सांगितलं तेव्हा ती गप्प ऐकत राहिली. मग म्हणाली, "आजी, छान आहे, पण अणूंना मन नसतं हं. त्यांना समाधान होतं, हात धरतात, हे आपण सोयीसाठी म्हणतो." मला हसू आलं. जन्मभर अलंकार शिकवले मी! उपमेत 'सारखा' हा शब्द असतो तो उगीच नसतो. मुख चंद्रासारखं म्हटलं म्हणून कुणी तोंडावरचे खड्डे मोजत नाही. कोबाल्टला माझ्या संसाराचं काही देणंघेणं नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पण 'जोडी' हा एकच शब्द ऐकून मी तीन वर्षं अडकून पडले होते, आणि जोड्या किती तऱ्हांच्या असतात हे मला या धातूंनी मोजून दाखवलं. तेवढं ऋण मानायला काय हरकत आहे?

आता फुटण्याबद्दल. मँगनीजच्या जोडीतली ती थेट रेघ तशी नाजूक असते. आपल्या ओळखीच्या कार्बन-कार्बन बंधापेक्षा बरीच कमजोर. नुसता योग्य प्रकाश पडला तरी तुटते. (कधी रेघ तुटण्याऐवजी एखादा कार्बन मोनॉक्साइड सुटतो, तेही होतं.) सतरावाले दोघे पुन्हा सुटे होतात. जवळपास दुसरं कोणी नसेल तर क्षणार्धात परत एकमेकांना धरतात, आणि असेल तर त्याला. रसायनशास्त्रज्ञांना या फुटण्यातच रस असतो, कारण जोडी शाबूत असताना काही घडत नाही, घडायला लागतं ते फुटल्यावर. कोबाल्टच्या जोडीवर हायड्रोजनचा दाब दिला की ती फुटून दोघांनाही एकेक हायड्रोजन मिळतो, आणि तो एकटा कोबाल्ट मोठा कामाचा निघतो. १९३८ साली जर्मनीत ओबरहाउझेनला ओटो रोलेन यांनी कोबाल्ट वापरून जी प्रक्रिया शोधली तिच्यामागे हाच एकटा कोबाल्ट आहे. तिच्यातून प्लास्टिक मऊ ठेवणारी द्रव्यं आणि साबणासारखी धुण्याची द्रव्यं यांचा कच्चा माल मिळतो. आज काही ठिकाणी कोबाल्टची जागा ऱ्होडियमने घेतली आहे, पण लांब साखळ्यांसाठी कोबाल्ट अजून वापरतात.

माझ्या कामाचं मी काय सांगू? शेजारच्या दोन मुलींचं व्याकरण घेते, हे असं काहीबाही लिहिते. मुलगा म्हणतो, आमच्याकडे ये. मुलगी म्हणते, आमच्याकडे. दोघांनाही वाटतं की आई आता एकटी कशी राहील. जाताना नातीला मी विचारलं, "तुझ्या त्या सतराच्या यादीत जोडी न करता राहणारा कोणी आहे का ग?" तर तसाही आहे. व्हॅनेडियम. त्याच्याकडे ५, भोवती सहा कार्बन मोनॉक्साइड, बेरीज १७. पण त्याच्याभोवती सहाजणांची इतकी दाटी असते की दुसऱ्या व्हॅनेडियमला हात पोचवायला जागा नसते. तो एकटाच राहतो. १९५९ साली इटलीत तो तयार झाला. त्याचे गडद निळसर स्फटिक होतात. एक इलेक्ट्रॉन कमी आहे हे तो विसरत नाही, कुणी दिला तर लगेच घेतो. पण एकटा असला तरी सहाजणांच्या गराड्यात असतो.

मुलाला आणि मुलीला मी कळवलंय की तूर्त मी इथेच आहे. शेजारच्या मुली आहेत, दूधवाला आहे, समोरच्या वहिनी आहेत, तुम्ही वाचणारे आहात. मोजले तर सहाच्या वरच भरतील.

हल्ली संध्याकाळी मी कालव्यापर्यंत चालत जाते, डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय. परवा आवर्तन सुटलं होतं. पुलावर उभं राहून पट्टी वाचली. तीनच्या थोडं वर. खालच्या चारीला पाणी पोचायला अजून अर्धा फूट तरी हवं.